वडील गेल्यावर मूल आधार कुठे शोधते? स्पायडरमॅन, आपली मुले आणि आपण

दहा वर्षांचा एक मुलगा आजीसोबत दीड महिन्यात तिसऱ्यांदा माझ्या दवाखान्यात आला होता. "सकाळी उठला की पोट दुखते म्हनते, डॉक्टरसाहेब. शाळेची वेळ टळली की बरा होते," आजी सांगत होत्या. पहिल्या वेळी मी जंताचे औषध दिले होते, दुसऱ्या वेळी पोटदुखीचे सिरप. तिसऱ्या वेळी पुन्हा पोट तपासले, वजन पाहिले, लघवीची तपासणी करून घेतली. काहीच सापडले नाही. मग जो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता, तो विचारला, "घरी कोण कोण असते?"

आजींनी नातवाला बाहेर बाकावर बसवले आणि हळू आवाजात सांगितले. पाच महिन्यांपूर्वी मुलाच्या वडिलांनी आत्महत्या केली होती. मुलाला मात्र "पप्पांना अॅटॅक आला" एवढेच सांगितले होते. जाता जाता त्या म्हणाल्या, "बापाने घेऊन देल्ली ती स्पायडरमॅनची बॅग शाळेत नेत नाही, अन् रात्री उशाशी घेऊन झोपते."

त्या बॅगेकडे मी पुढे परत येणार आहे. (कोणाची ओळख पटू नये म्हणून या प्रसंगातील तपशील बदलले आहेत.) वडील गमावलेल्या मुलाच्या मनात काय चालते, ते शरीरातून कसे बाहेर पडते, आणि घरच्यांनी काय करावे, हे या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचे

- मुलांचे दुःख मोठ्यांसारखे दिसत नाही. ते अनेकदा पोटदुखी, डोकेदुखी, चिडचिड किंवा शाळा टाळणे या रूपात दिसते.
- "माझ्यामुळे झाले" ही भावना मुलांमध्ये फार सामान्य आहे. ती आपण विचारल्याशिवाय कळत नाही.
- वडिलांच्या मृत्यूचे कारण मुलापासून फार काळ लपत नाही. घरच्यांनी वयाला झेपेल अशा शब्दांत खरे सांगणे चांगले.
- वडिलांची जागा कोणी घेऊ शकत नाही. पण नियमित भेटणारी, शब्द पाळणारी एक मोठी व्यक्ती मुलाला सावरू शकते.
- मूल मरणाची भाषा बोलत असेल तर वाट पाहू नका, त्याच दिवशी मदत घ्या.

स्पायडरमॅनच का आवडतो?

आपल्याला वाटते, उड्या मारतो, भिंतीवर चढतो म्हणून. ते आहेच. पण त्याची गोष्ट नीट पाहा. १९६२ मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी हे पात्र निर्माण केले. पीटर पार्कर हा शाळकरी पोर. आईवडील नाहीत, बेन काका आणि मे काकू त्याला वाढवतात. शक्ती मिळाल्यावर तो एका चोराला "मला काय करायचे" म्हणून पळून जाऊ देतो आणि पुढे तोच चोर बेन काकांचा जीव घेतो. म्हणजे या मुलाने वडिलांच्या जागी असलेला माणूस गमावला, आणि "मी त्याला अडवले असते तर" हे ओझे घेऊन तो जगतो.

अलीकडच्या चित्रपटांत त्याला टोनी स्टार्क म्हणजे आयर्नमॅन भेटतो. पीटर त्याच्याकडून शिकतो, त्याची शाबासकी मिळावी म्हणून धडपडतो. २०१९ च्या चित्रपटात स्टार्कही मरतो. त्यानंतर तो पोर ज्या नव्या माणसावर विश्वास टाकतो, तो फसवा निघतो.

सुपरमॅन दुसऱ्या ग्रहावरून आलेला आणि शेतकरी जोडप्याने वाढवलेला. बॅटमॅनचे आईवडील त्याच्या डोळ्यांसमोर मारले गेलेले. त्याचा साथीदार रॉबिन हा सर्कशीत आईवडील गमावलेला मुलगा. या गोष्टींमध्ये पोरके मूल पुन्हा पुन्हा येते आणि त्याला आधार देणारे कोणीतरी भेटते. वडील गमावलेल्या मुलाला हे शब्दांत सांगता येत नाही, पण "हा माझ्यासारखा आहे" हे त्याला जाणवत असावे. म्हणून मूल एखाद्या सुपरहिरोला चिकटून असेल तर त्याला हसू नका. "तुला त्याच्यात काय आवडते?" असे विचारा. बोलणे सुरू करायला तो चांगला धागा आहे.

आपल्या जिल्ह्यात हा विषय घरोघरचा आहे

२००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम, वर्धा आणि आपला बुलडाणा. शेतकरी आत्महत्या हे त्याचे कारण होते. कर्ज, नापिकी, कापूस-सोयाबीनचे भाव यांवर तेव्हापासून पुष्कळ बोलले गेले. त्या घरांतील मुलांच्या मनाबद्दल मात्र फार कमी.

वडील नसणे म्हणजे फक्त मृत्यू नव्हे. कोणाचे वडील कामासाठी पुण्या-मुंबईला किंवा सुरतला असतात, कोणाचे ऊसतोडीला जातात. कोणाचे घरीच असतात, पण दारूमुळे असून नसल्यासारखे. कारणे वेगळी, तरी मुलाची गरज तीच: आपल्याकडे पाहणारा, आपले ऐकणारा, चुकल्यावर सांगणारा मोठा माणूस.

वयानुसार मुलांना मृत्यू कसा समजतो?

- ३ ते ५ वर्षे: मेलेला माणूस परत येत नाही, हे या वयात कळत नाही. "पप्पा कधी येतील?" हा प्रश्न रोज येतो. अंथरूण ओले करणे, आईला न सोडणे असे दिसते. "पप्पा झोपले" किंवा "गावाला गेले" असे सांगू नका. मूल झोपायला किंवा कोणी गावाला निघाले तरी घाबरू लागते.
- ६ ते ९ वर्षे: मृत्यू कायमचा असतो हे कळू लागते. पण कारण-परिणामाची समज कच्ची असते. "मी भांडलो, हट्ट केला, म्हणून ते गेले" असा संबंध मूल मनातल्या मनात जोडते.
- १० ते १२ वर्षे: सगळे कळते, पण आईला त्रास नको म्हणून मूल गप्प राहते. ही गप्प मुले "शहाणी" वाटतात आणि त्यामुळेच नजरेतून सुटतात.
- १३ ते १८ वर्षे: राग, एकटेपणा, अभ्यास सोडणे, व्यसन, जोखमीचे वागणे. तेरवीच्या दिवशीच कोणीतरी म्हणते, "आता घरचा कर्ता तूच." बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण तेरा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर ते ओझे पेलवत नाही.

वयाची ही विभागणी ढोबळ आहे. प्रत्येक मूल वेगळे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मुलांचे दुःख श्रावणातल्या ऊन-पावसासारखे असते. आत्ता रडेल आणि दहा मिनिटांत गोट्या खेळायला पळेल. "याला काहीच वाटत नाही" असा अर्थ काढू नका.

दुःख पोटातून का बोलते?

पोट आणि मेंदू यांच्यात मज्जातंतूंचे दाट जाळे आहे. मनावर ताण आला की शरीरात ताणाची रसायने वाढतात, आतड्यांची हालचाल बदलते आणि एरवी जाणवणार नाही अशी कळही तीव्र वाटते. मूल नाटक करत नसते. पोट खरेच दुखते.

तरीही प्रत्येक पोटदुखी मनाची समजू नये. पुढील गोष्टी असतील तर आधी शारीरिक तपासणी आवश्यक आहे:

- दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठते
- वजन कमी होत आहे किंवा वाढ थांबली आहे
- ताप, वारंवार उलटी, शौचातून रक्त
- लघवी करताना जळजळ
- दुखणे बेंबीपासून दूर, एकाच ठिकाणी, विशेषतः उजव्या बाजूला खाली

तपासणीत काही सापडले नाही, दुखणे शाळेच्या दिवशी सकाळी येते आणि रविवारी येत नाही, तर मनाकडे पाहायला हवे. अशा वेळी दर भेटीला नवे सिरप किंवा सलाईन दिल्याने मुलाला आणि घरच्यांना आजार शरीरातच आहे असे वाटत राहते. त्या मुलाच्या बाबतीत पहिल्या दोन भेटींत मीही हेच केले.

खरे कसे सांगावे?

चौथ्या भेटीला मी त्याच्या आईलाही बोलावले. खरे कसे सांगायचे ते आम्ही आधी ठरवले. पण गरजच पडली नाही. मुलगा म्हणाला, "मले माहीत आहे. शाळेत पोरं सांगतात." वर्गातल्या पोरांनी त्याला पहिल्या आठवड्यातच सांगितले होते. पाच महिने तो घरी माहीत नसल्याचे दाखवत होता, कारण घरचे त्याच्यापासून लपवत होते.

मग बॅगेबद्दल विचारले. तो बराच वेळ बोलला नाही. नंतर जे म्हणाला त्याचा अर्थ असा: बॅगेसाठी त्याने हट्ट केला होता. वडिलांनी ती बाजारातून आणली. आठ-दहा दिवसांनी ते गेले. गावात सगळे म्हणत होते, कर्जामुळे गेला. म्हणजे बॅगेमुळे गेला.

आई त्याला जवळ घेऊन म्हणाली, "अरे, तुझी बॅग साडेतीनशेची. कर्ज तू जन्माच्या आधीपासूनचं होतं." त्या एका वाक्याने जे झाले, ते माझ्या कुठल्याही औषधाने झाले नसते.

सांगताना पुढील गोष्टी पाळा:

१. सांगणारी व्यक्ती जवळची असावी. आई, आजोबा, मामा. शांत जागा, घाई नको.

२. साधे आणि खरे शब्द वापरा. उदाहरणार्थ: "पप्पांच्या मनाला आजार झाला होता. त्यांना फार त्रास होत होता आणि त्या आजारात त्यांना मदत मागण्याचा रस्ता दिसला नाही. त्यांनी स्वतःचा जीव संपवला." कसे केले याचा तपशील देऊ नका.

३. "तुझ्यामुळे नाही" हे स्पष्ट म्हणा. मुलाने विचारले नसले तरी म्हणा. एकदा नव्हे, अनेकदा.

४. वडिलांना शूर किंवा भित्रे ठरवू नका. "सगळ्यांसाठी जीव दिला" असे म्हटले तर मुलाला तो मार्ग मोठेपणाचा वाटू शकतो. "पळून गेला" म्हटले तर लाज वाटते.

५. माहीत नसेल तर "मलाही माहीत नाही" म्हणा. मुलांना ते चालते.

वडिलांच्या जागी कोण?

हवाई बेटांपैकी कौआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही दशके केला. गरिबी, घरातील कलह, आईवडिलांचे आजारपण अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम, इतरांची काळजी घेणारी माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे त्यांच्यावर माया करणारी किमान एक स्थिर मोठी व्यक्ती. ती आईवडीलच असेल असे नव्हते. आजी-आजोबा, शिक्षक, शेजारी, कोणीही.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांची भव्य समाधी आपण पाहिली असेल. १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात निजामशाही दरबारात ते मुलांसह मारले गेले. जिजाऊंनी वडील आणि भाऊ एकाच दिवशी गमावले. पुढच्याच वर्षी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. शहाजीराजे पुढे दक्षिणेत कर्नाटकात राहिले आणि मुलगा आईजवळ पुणे परिसरात वाढला. दुःखातली आई सावरली, भोवती जाणती माणसे राहिली, म्हणून मूल उभे राहिले, असे मला त्यातून वाटते. आईला आधार देणे हाही मुलाचाच उपचार आहे. तिला झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, सतत रडू येत असेल तर तिचीही तपासणी करा.

आधार देणारी व्यक्ती कशी असावी?

- ठरलेल्या वेळी येणारी. महिन्यातून एकदा महागडी खेळणी आणणाऱ्यापेक्षा दर रविवारी तासभर येणारा मामा बरा.
- सोबत काम करणारी. सायकल दुरुस्त करणे, शेतात चक्कर, क्रिकेट. मुले समोरासमोर कमी आणि सोबत काम करताना जास्त बोलतात.
- वडिलांचे नाव घेऊ देणारी. "तुझे पप्पा असे गाडी चालवायचे" अशा आठवणी सांगणारी.
- झेपेल तेवढेच वचन देणारी. "आजपासून मीच तुझा बाप" असे म्हणू नका. नंतर जमले नाही तर मूल दुसऱ्यांदा पोरके होते.

हा शेवटचा मुद्दा मी स्वतः शिकलो. तो मुलगा नंतर काही दुखत नसताना दवाखान्यात येऊन बसू लागला. मला बरे वाटत होते. पण रुग्णांच्या गर्दीत मी त्याला दोन मिनिटे देत होतो, आणि तो दोन तास वाट पाहत होता. मग मी त्याच्या मामाला बोलावून हे सगळे सांगितले.

सावध कुठे राहावे?

वडील शोधणारे मूल लवकर विश्वास टाकते. याचा गैरफायदा घेणारे असतात. काही मोठी पोरे गुटखा, दारू, मोबाइलवरचा जुगार यांची सवय लावतात. काही माणसे लैंगिक शोषण करतात, आणि ती बहुतेक वेळा ओळखीचीच असतात. एखादी व्यक्ती मुलाला वारंवार एकटे गाठते, भेटवस्तू देते, "घरी सांगू नको" म्हणते, तर सावध व्हा. गुपित ठेवायला सांगणारा माणूस आपला नसतो, हे मुलाला शिकवा. शोषण झाल्यास मुलावर रागावू नका. २०१२ चा पॉक्सो कायदा मुलाच्या बाजूने आहे, मुलगा असो वा मुलगी.

डॉक्टरांकडे कधी न्यावे?

पुढीलपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी:

- "मला मरायचे आहे", "पप्पांकडे जायचे आहे" असे बोलणे, लिहिणे किंवा चित्रात दाखवणे
- स्वतःला इजा करणे
- खाणे-पिणे जवळपास बंद होणे

"पप्पांकडे जायचे" असे लहान मूल कधी केवळ आठवणीने म्हणते. तरी ठरवायचे काम डॉक्टरांवर सोडा. "तुला मरावेसे वाटते का?" असे शांतपणे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात नव्याने शिरत नाही. उलट मूल मोकळे होते. घरातील फवारणीची औषधे आणि गोळ्या कुलपात ठेवा. फवारणीची औषधे शक्यतो घराबाहेर, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवा. आत्महत्या झालेल्या घरात ही काळजी सर्वांसाठीच घ्यावी.

सहा महिन्यांनंतरही तीव्र ओढ, वडिलांच्या विचारात सतत गुंतून राहणे, शाळा-मित्र-खेळ सुटणे असे जवळजवळ रोज होत असेल, तर हे "लांबलेले दुःख" असू शकते. त्यावर समुपदेशन आणि मानसोपचार उपलब्ध आहेत. बहुतेक मुलांना गोळ्या लागत नाहीत. झोपेची किंवा "टेन्शनची" गोळी मनाने देऊ नका.

घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

फोटो काढून ठेवावा का?
नाही. मुलाला पाहावासा वाटला तर दिसला पाहिजे. पाहायचा नसेल तर जबरदस्तीही नको.

मामाला "पप्पा" म्हणायला लावावे का?
नको. मूल आपणहून म्हणाले तर वेगळी गोष्ट.

सुपरहिरोचे सिनेमे बंद करावेत का?
गरज नाही. शक्य असेल तर सोबत बसून पाहा. मात्र झोप, जेवण, खेळ सोडून मूल दिवसभर मोबाइलमध्ये असेल तर वेळ ठरवा.

शाळेत सांगावे का?
वर्गशिक्षकांना जरूर सांगा. चिडवणे थांबवणे आणि पोट दुखल्यास घरी न पाठवता थोडा वेळ बसू देणे, एवढ्याने बरेच काम होते.

मदत कुठे मिळेल?

- टेलिमानस, १४४१६: मानसिक आरोग्यासाठी मोफत, २४ तास. मराठीत बोलता येते.
- चाइल्ड हेल्पलाइन, १०९८: मुलांच्या कोणत्याही संकटात.
- १०८ आणि ११२: जिवाला धोका असल्यास.
- बुलडाणा येथील जिल्हा सामान्य रुग्णालय: मानसिक आरोग्य विभागाची चौकशी करा. गावात आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राकडूनही चिठ्ठी घेऊन जाता येते.
- बालसंगोपन योजना: एक पालक गमावलेल्या मुलासाठी दरमहा आर्थिक मदत मिळू शकते. जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात विचारा.

त्या मुलाचे काय झाले?

मामा आता दर रविवारी चिखलीहून एसटीने येतो. त्याने मुलाला मोठी सायकल शिकवली. पोटदुखी हळूहळू कमी झाली, पूर्ण गेली नाही. वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या आठवड्यात पुन्हा दोन दिवस दुखले. पण या वेळी आजींनी सिरप मागितले नाही. "बापाची आठवण आली असंन," त्या म्हणाल्या, आणि त्याला जवळ घेऊन बसल्या.

बॅग तो शाळेत नेऊ लागला आहे. एक पट्टा तुटला होता. मामाने शिवून दिला.

*हा लेख माहितीसाठी आहे. तो प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नाही. तुमच्या मुलाबद्दल शंका असल्यास जवळच्या डॉक्टरांना भेटा.*